डॉक्टरांनी दोनदा विचारलं होतं

ही गोष्ट मी आजवर तोंडाबाहेर काढलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, जिच्याशी पोटातलं सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा इकडचं तिकडचं मागून घेते आणि ही एक गोष्ट तेवढी गाळते — जशी काही त्याला ठाऊकच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर म्हणाला असतात, शोभा? छे हो, ती तर अगदी सरळ बाई, मनात एक नि ओठांत एक असं तिचं नसतंच कधी. माझा हा लौकिक आहे. आणि तो जिने सगळ्यात जास्त पसरवला ना, तिच्याच बाबतीत मी — थांबा. असं एकदम नको. आधी मला वहिनीबद्दल सांगू द्या. तिच्याबद्दल बोलायला मला नेहमीच आवडतं.

वहिनी आमच्याकडे आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि ती एकवीस. ऐंशीच्या नंतरची पहिली वर्षं ती. कांजूरमार्गला आमची बैठी चाळ होती. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीपलीकडे चटईभर पडवी. आई, बाबा, दादा आणि मी. वारा उलटा फिरला की कचऱ्याच्या डेपोचा वास घरात यायचा आणि आई उदबत्ती लावायची, म्हणजे मग दोन्ही वास यायचे. कुडाळकडच्या मोकळ्या अंगणातून वहिनी थेट या दोन खोल्यांत येऊन पडली. दुसरी एखादी रडली असती. हिने पहिल्या आठवड्यात चाळीतल्या सगळ्यांना नावं ठेवून टाकली. समोरचे खोकणारे काका म्हणजे 'मोटार', नळावर पहिला नंबर लावणाऱ्या बाई म्हणजे 'कलेक्टर'. नळावर भांडण झालं की संध्याकाळी ती त्याची नक्कल करायची, दोन्ही बाजूंनी, आणि आई पदर तोंडात कोंबून हसायची. सासू सुनेच्या नकलेवर हसते आहे, असं घर मी दुसरं पाहिलं नाही.

मला तर तिने पाठच्या बहिणीसारखं वागवलं. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रेडिओचे सुटे भाग जोडायच्या एका युनिटमध्ये मी नुकतीच लागले होते. सकाळी माझी वेणी तिच्या हातची, डबा तिच्या हातचा. माशाचा डोक्याकडचा तुकडा मला आवडतो, म्हणून तो ती भाताखाली लपवून ठेवायची, दादाच्या ताटात जाऊ नये म्हणून. मी काही मागितलं आणि ती नाही म्हणाली असं झालं नाही. हे लक्षात ठेवा. तिला मला नाही म्हणता यायचं नाही, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

तिचं एकच होतं. लग्नानंतर वर्षभरातच तिच्या पोटात दुखायला लागलं. पाळीच्या दिवसांत सगळ्याच बायकांचं दुखतं, तसं नाही. उजव्या बाजूला, खाली, एकाच ठिकाणी. ती तिथे मूठ दाबून धरायची आणि श्वास रोखून बसायची. कधी उलटी व्हायची. आमच्या घरात तेव्हा चार दिवस बाजूला बसायचं असे. त्या चार दिवसांत वहिनी पडवीत असायची आणि तिला चहा, जेवण नेऊन द्यायचं काम माझं. म्हणून मला माहीत होतं. आईला वाटायचं, सून जरा नाजूक आहे. दादाला तर बायकांच्या गोष्टीतलं काही कळायचंच नाही. पण मला दर महिन्याला दिसत होतं — ज्या दिवशी ती पडवीत गेली त्याच दिवशी ती मूठ तिथे दाबलेली असायची, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आली की दुखणंही गेलेलं असायचं. सबंध जगात हे माहीत असलेली माणसं दोनच. ती आणि मी.

आता तो दिवस. वहिनीला आमच्याकडे येऊन दोन वर्षं झाली होती.

गावच्या घराच्या वाटण्या झाल्यापासून आमचा गणपती मुंबईतच यायचा. पाच दिवसांचा, गौरीसकट. गौरीला आमच्याकडे घावन-घाटल्याचा नैवेद्य. आईच्या हाताला संधिवात, त्यामुळे तवा सांभाळायचा वहिनीने आणि वरचं सगळं मी. आणि त्याच दिवशी दुपारी मला गोरेगावला जायचं होतं. कशाला, ते सांगायलाही लाज वाटते. आमच्या युनिटमधल्या लताचा मामा तिथल्या एका स्टुडिओत लाईटचं काम करायचा. त्या दिवशी मोठं शूटिंग आहे, हिरो येणार आहे, तिघी जणी या, गेटवर मी उभा राहतो, असं त्याने सांगितलं होतं. मी पंधरा दिवस त्यावर जगत होते. आईकडून परवानगी काढायला पाच दिवस गेले होते. नैवेद्य झाला की जा, असं शेवटी ती म्हणाली होती.

त्या दिवशी सकाळी नळावर वहिनीने मला बाजूला ओढलं. चेहरा उतरलेला. "शोभा, माका अडचण इली गो."

माझ्या डोक्यात काय आलं असेल? तिचं दुखणं? गौरी? काही नाही. माझ्या डोक्यात आलं की आता ही पडवीतसुद्धा बसणार नाही, घरात देव आहे म्हणून शेजारी जाऊन बसेल, आणि तवा माझ्या हातात येईल. मग नैवेद्य, मग येणारे-जाणारे, मग हळदीकुंकू. माझा हिरो गेला. मी तिला म्हटलं, "गप्प बस ना वहिनी. कोणाला कळतंय?" ती घाबरून बघत राहिली. गौरीच्या वेळी हे असं करणं म्हणजे तिच्या दृष्टीने काय होतं, ते आजच्या मुलींना समजायचं नाही. पाप, एवढंच. मी तिच्या हनुवटीला हात लावला, शपथा घातल्या, डोळ्यांत पाणी आणलं. खोटं पाणी नव्हतं ते, मला खरंच रडू येत होतं — शूटिंगसाठी! शेवटी ती म्हणाली, बरं. आणि मी आनंदाने तिला मिठी मारली.

तिने सबंध नैवेद्य केला. तव्यापुढे बसून एका हाताने पीठ सोडत होती आणि दुसऱ्या हाताची मूठ पोटावर. मी पाहिलं. पाहून पानं पुसायला घेतली.

गोरेगावला काय झालं, तेही सांगून टाकते. हिरो आलाच नाही. एका बागेच्या सेटवर दोन माणसं कागदाच्या फुलांवर पाणी मारत होती आणि लताचा मामा आम्हाला ते कौतुकाने दाखवत होता. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. संध्याकाळी पवईच्या बसने परत आले तर चाळीच्या तोंडाशी रिक्षा उभी, आणि दादा वहिनीला दोन्ही हातांवर उचलून आणतोय. ती पांढरीफटक पडली होती. मला पाहून तिने हसायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "दिसलो काय गो?" हिरो दिसला का, म्हणून. त्या अवस्थेत.

पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर अगदी तरुण होते, सर्दीने नाक लाल झालेलं, पण माणूस मन लावून तपासणारा. त्यांनी वहिनीचं पोट चाचपलं. नर्स तिला आत सलाईन लावायला घेऊन गेली, दादा कागद करायला खिडकीवर गेला, आणि आम्ही दोघी त्यांच्यापुढे उरलो. आई आणि मी. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्ससारखं वाटतंय, पण ताप नाही, नीट बसत नाही. मग त्यांनी विचारलं, पाळी कधी आली होती?

आई म्हणाली, "डॉक्टर, घरात गौरी-गणपती आहेत आमच्या." म्हणजे तिच्या मते प्रश्न संपला होता.

डॉक्टरांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे वळले. बहुधा त्यांना वाटलं असेल, ही बरोबरीची आहे, हिला माहीत असेल. किती बरोबर वाटलं होतं त्यांना! तुम्ही सांगा, म्हणाले, हे दुखणं पाळीच्या दिवसांत येतं का? दर महिन्याला त्याच वेळी?

आई माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की मग आत्ता पाळी चालू आहे का. आणि मग आईला कळलं असतं, गौरीला घावन कोणी कसे केले, आणि कोणाच्या सांगण्यावरून. मी म्हटलं, "नाही."

ते थांबले. म्हणाले, नीट आठवून सांगा, हे महत्त्वाचं आहे.

म्हणजे त्यांनी मला दुसरी संधी दिली होती. किती जणांना मिळते? मी आठवल्यासारखं केलं. खरंच, डोळे वर करून, बोटं मोजून. आणि म्हटलं, "नाही डॉक्टर. दुखणं मधेच कधीही उठतं. आणि तिच्या पाळीला अजून आठवडा आहे." त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं. कागदावर एकदा लिहिलं की पुढे तेच खरं. नंतर कोणी परत विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, एकोणीस वर्षांची पोर, घाबरली, बोलून गेली. मीही कित्येक वर्षं स्वतःला असंच सांगितलं. पण मला जे सांगायचंय ते हे नाहीच. हे अजून त्याच्या अलीकडचं आहे. त्याच्या पलीकडचं मला सांगायला जड जातंय.

दुसऱ्या दिवशी वहिनीने आईला सांगितलं की आज हॉस्पिटलातच पाळी आली. तिलाही झाकायचं होतं ना. आई म्हणाली, बरं झालं बाई, घरात आली असती तर. मग आई चहाला खाली गेली आणि वहिनीने माझा हात धरला. ती काय म्हणाली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "शोभा, डॉक्टराक खरा सांगलंस मां? आईंच्या मागारी?"

तिला खात्री होती, मी आईला चुकवून डॉक्टरांना एकटं गाठलं असेल आणि खरं सांगितलं असेल. तिने माझ्या जागी तेच केलं असतं. अजूनही वेळ गेलेली नव्हती, डॉक्टर तिथेच, तीन खाटा सोडून उभे होते. मला उठून पाच पावलं चालायचं होतं, बस. आणि मी काय केलं? मी तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, "हो गं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. पाळीचा आणि ह्याचा."

हे ते.

पहिलं खोटं मी डॉक्टरांशी बोलले, आणि ते एखादेवेळी पुढे कधीतरी उघडं पडलं असतं. वहिनीने स्वतःच कोणा दुसऱ्या डॉक्टरला सांगितलं असतं — ती काही मुखदुर्बळ बाई नव्हती. पण ह्या दुसऱ्या खोट्याने मी तिचं तोंडच बंद करून टाकलं. डॉक्टर म्हणाले संबंध नाही, म्हणजे नाही. शिकलेला माणूस म्हणाला. ती मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत म्हणाली, "असा काय? माका वाटला तसाच आसतला." आणि निश्चिंत होऊन झोपली. मला थँक्यू म्हणून झोपली.

तीन दिवसांत दुखणं शमलं — शमणारच होतं, चार दिवस सरत आले होते — आणि आम्ही तिला घरी आणलं. पुढे आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी हॉस्पिटलचा कागद वाचला आणि म्हणाले, अमिबिक असणार, आतड्यातले जंतू. त्या काळी मुंबईत पोटात दुखलं की अमिबिकच असायचं. कडू गोळ्या आणि पथ्य. तेलकट नाही, तिखट नाही, आणि मासे तर अजिबात नाहीत.

कुडाळच्या मुलीला मासे बंद! तुम्हाला हसू येईल. आम्हालाही आलं होतं सुरुवातीला. ती स्वतःच नक्कल करायची, पेजेचं ताट समोर घेऊन, डोळे मिटून, जसं काही तळलेला बांगडा खातेय. काटेसुद्धा काढून बाजूला ठेवायची. चाळीत मासळी घेऊन येणारी कोळीण दारात टोपली उतरवून विचारायची, "वैनी, वरत कधी सुटायचा?" पण मासे घ्यायची वहिनीच, साफ करायची वहिनीच, कालवण करायची वहिनीच. मीठ बरोबर आहे का ते वासावरून सांगायची. आणि डोक्याकडचा तुकडा माझ्या भाताखाली असायचाच. दोन वर्षं आणि वर काही महिने. मी तो खात होते हो. एक दिवससुद्धा घास अडकला नाही असं म्हणणार नाही, अडकला. पण गिळला.

दुखणं कुठे जाणार? दर महिन्याला येतच राहिलं. मधूनमधून ती पडवीतून म्हणायची, शोभा, पुन्हा त्याच दिवसांत बघ. आणि मी म्हणायचे, "वहिनी, डॉक्टर म्हणाले होते ना?" किती सोपं होतं! एकदा रूळ टाकले की गाडी आपोआप जाते. असं मी किती वेळा म्हटलं असेल? मोजलं नाही. ती प्रत्येक वेळी मान हलवायची. आणि पेज खायची.

मी का बोलले नाही, तेही ऐका. गणपतीनंतर महिन्याभरातच दादाचं बोट कामावर प्रेस मशीनमध्ये सापडलं आणि वरचं पेर गेलं. बाबांच्या गिरणीचं तेव्हा काही खरं राहिलं नव्हतं. आई रोज म्हणायची, गौरीच्या वेळी आपलं काहीतरी चुकलं, काहीतरी राहून गेलं. ते ऐकताना वहिनीचा चेहरा राखेसारखा व्हायचा. मग मी स्वतःला समजावलं की आता खरं सांगितलं तर दादाच्या बोटापासून गिरणीपर्यंत सगळं वहिनीच्या माथी येईल, तेव्हा मी वहिनीसाठीच गप्प आहे. छान वाटायचं असा विचार करताना. पण खोटं होतं ते. डॉक्टरला हळूच जाऊन सांगायला आई कुठे आड येत होती? मला कोणी पाहत नव्हतं, मरोळहून येताना वाटेत दवाखाना होता. मी स्वतःला वाचवत होते, दुसरं काही नाही. वहिनीला कळलं असतं की मी तिच्याशी खोटं बोलले, आणि वहिनीने माझ्याकडे तसं बघितलेलं मला चाललं नसतं. तिचं प्रेम मला हवं होतं. त्यासाठी मी तिला दुखू दिलं. बघा आता, ह्याला काय म्हणतात.

तिसऱ्या वर्षी, माझं लग्न ठरलं होतं त्या सुमारास, तिचं पोट असं दुखलं की ती बोलेनाशी झाली. दादा तिला घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये घेऊन गेला. तिथल्या सर्जननी जास्त विचार केला नाही, अपेंडिक्स काढून टाकलं. पण काढताना त्यांना ते वेगळं दिसलं — जाड झालेलं, वर काळपट निळसर ठिपके. त्यांनी ते तपासायला पाठवलं आणि आठवड्याने रिपोर्ट आल्यावर तिथल्या बायकांच्या डॉक्टरना बोलावलं. पन्नाशीच्या बाई, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. खाटेवर वहिनीच्या पायाशी बसून त्यांनी समजावलं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं ना, म्हणाल्या, तसलंच अस्तर कधीकधी बाहेर भलतीकडे उगवतं. तुझ्या अपेंडिक्सवर उगवलं होतं. दर महिन्याला तेही सुजायचं, त्यातूनही रक्त सुटायचं, पण त्या रक्ताला जायला वाट नाही. म्हणून दुखायचं. अशा जागी फार क्वचित असतं, मी पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहतेय. आजूबाजूलाही ठिपके आहेत म्हणाल्या, अंडाशयावर, नळ्यांवर. त्यावर औषध देऊ.

मग त्यांनी सहज म्हटलं, "दर महिन्याला पाळीबरोबर दुखतं, एवढं एक वाक्य कोणाला सांगितलं असतंस तर आम्ही तेव्हाच शोधायला लागलो असतो गं."

वहिनीने माझ्याकडे बोट केलं. "सांगितलं होतं की. हिने सांगितलं होतं, आमच्या शोभाने. ते डॉक्टर म्हणाले, संबंध नाही."

बाई संतापल्या. कोण तो शहाणा, म्हणाल्या, मला नाव सांगा त्याचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादाही माझ्याकडे बघत होता. मला नाव आठवत होतं, आडनावासकट. मी म्हटलं, "नाही आठवत."

तेवढी एक दया मी त्या डॉक्टरवर केली असं समजू नका. त्यांना गाठलं असतं तर त्यांनी मान वर करून सांगितलं असतं ना, मी दोनदा विचारलं होतं म्हणून. ते आजही आमच्या घरात शिव्या खातात. सर्दी झालेले, मन लावून विचारणारे डॉक्टर. वहिनी पहिल्यांदा सुरमई खायला बसली त्या दिवशी आईने त्यांच्या नावाने बोटं मोडली होती. आई गेली ती त्यांना दोष देतच गेली.

मूल झालं नाही. मी एकदा धीर करून त्या बाईंना एकटीला विचारलं होतं, आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, झालंही असतं, नसतंही झालं, ह्या रोगाचं काही सांगता येत नाही. मी हे वाक्य तुम्हाला सांगते आहे ते त्याच्या आड लपायला नाही. लपता येत नाही त्याच्यामागे, मी पाहिलंय प्रयत्न करून. 'झालंही असतं' एवढंच ऐकू येतं.

आणि वहिनी? ती तशीच. माझ्या लग्नात तिने टाके ओले असताना रुखवत मांडलं. माझ्या मुलीला, मधुराला, पहिली अंघोळ तिने घातली. दर दिवाळीला, दर मे महिन्यात ती बोरिवलीला आमच्याकडे येते आणि आठ दिवस आमच्या सोसायटीतल्या लोकांच्या नकला करून आम्हाला हसवते. दादा आता बोलत नाही फारसा, पण तिच्या नकलेला हसतो. मला ती फार आवडते हो. मी हे सगळं सांगितल्यावर असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. पण आवडते.

मधुरा सोळाची झाली तेव्हा तिचं पोट दुखायला लागलं. दर महिन्याला. मी त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली, आणि वहिनी तेव्हा आमच्याकडेच होती, तीही निघाली. दवाखान्याच्या बाकावर मधुरा मध्ये आणि आम्ही दोघी दोन बाजूंना. पोरगी लाजत होती, डॉक्टर पुरुष आहेत, मी नाही बोलणार म्हणाली. वहिनीने तिचा हात मांडीवर घेतला.

"लाजू नको. तुझी आई एकोणीस वर्षांची होती गो तेव्हा. गौरीच्या दिवशी, माझ्या सासूच्या मागारी, परक्या डॉक्टरासमोर उभी रवान माझा सगळा खरा सांगान इली. कोण करता गो दुसऱ्यासाठी इतक्या?"

मधुराने माझ्याकडे पाहिलं. मुलं आईकडे कौतुकाने फार वेळा बघत नाहीत, तुम्हाला ठाऊक असेल. तिने बघितलं. मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले.

नाव पुकारलं तशी पोरीने वहिनीचाच हात धरला आणि त्या दोघी आत गेल्या. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून डॉक्टरांचा प्रश्न ऐकू आला, आणि मग वहिनीचा आवाज, खणखणीत, न अडखळता. पाळी कधी येते, दुखायला कधी लागतं, कुठल्या बाजूला, किती दिवस. माझ्या मुलीसाठी ती एकेक गोष्ट खरी सांगत होती. मी उठून आत गेले नाही. वहिनीला मी अजूनही सांगितलेलं नाही.